गटात कोण खेळतंय आणि कोण नुसतं उभं आहे?



ऑनलाइन गेम हा शब्द निघाला की पालकसभेत चर्चा एकाच दिशेने जाते. डोळे खराब होतात, अभ्यास बुडतो, मुलं चिडचिडी होतात. यात तथ्य आहेच. मुलाच्या हातात मोबाईल किती वेळ असावा याबद्दल माझं मत कडक आहे आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलांनी बंदुकीचे खेळ खेळू नयेत असंच मी पालकांना सांगतो. पण आजचा विषय तो नाही. या खेळांमधल्या एका जुन्या भांडणाबद्दल मला लिहायचं आहे, कारण तेच भांडण आपल्या वर्गातही चालतं आणि आपण ते नीट सोडवत नाही.

भांडण असं आहे. पाच, दहा, पंचवीस जण मिळून एखादं अवघड काम हातात घेतात. त्यातले काही जीव तोडून खेळतात, काही जेमतेम खेळतात आणि एखाददुसरा नुसता उभा असतो. काम फत्ते झालं की बक्षिसावर हक्क सगळ्यांचा. फसलं तर संध्याकाळ सगळ्यांची वाया. मग चांगलं खेळणारे म्हणतात, "येत नसेल तर कशाला आलात?" आणि समोरचे म्हणतात, "खेळ आहे हा, मजेसाठी आलोय, तुमची चाकरी करायला नाही." गेली वीस वर्षं हा वाद तसाच चालू आहे, आणि तो मिटत नाही याचं एक कारण मला दिसतं. 'येत नाही' या दोन शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. एक म्हणजे कौशल्य कमी असणं, आणि दुसरी म्हणजे प्रयत्नच न करणं. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

मी स्वतः सुट्टीत 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ अधूनमधून खेळतो. पुण्याच्या मेहुण्याने लावलेली सवय. शिक्षकाने असं उघड सांगावं का, असं काही जणांना वाटेल. सांगतो, कारण गटकार्याबद्दल डी.एड.च्या दोन वर्षांत जे वाचलं त्यातलं बरंचसं मला या खेळात प्रत्यक्ष बघायला मिळालं.

४० जणांचा गट

हा खेळ २००४ च्या नोव्हेंबरमध्ये आला. त्यातल्या सगळ्यात अवघड मोहिमांना 'रेड' म्हणतात. सुरुवातीच्या काळात 'मोल्टन कोअर' नावाच्या रेडला तब्बल ४० खेळाडू लागत. ४० म्हणजे किती? आपल्याकडच्या दोन छोट्या जिल्हा परिषद शाळांचा एकत्र पट. वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या देशांत बसलेली चाळीस माणसं, आणि सगळ्यांनी एकाच वेळी एकच राक्षस हाताळायचा.

कामं वाटलेली असतात. राक्षसाचा मार स्वतःवर घेणारा तो टँक. इतरांच्या जखमा बऱ्या करणारा हीलर. बाकीचे राक्षसावर तुटून पडतात. कबड्डीत चढाई करणारा वेगळा आणि कोपरा सांभाळणारा वेगळा असतो, तसंच हे.

मोल्टन कोअरमध्ये बॅरन गेडन नावाचा एक राक्षस आहे. लढाई चालू असताना तो गटातल्या कुणा एकावर जिवंत बॉम्ब लावतो. काही सेकंदांनी तो फुटतो आणि आसपासच्या सगळ्यांना उडवतो. उपाय एकच. ज्याच्यावर बॉम्ब लागला त्याने इतरांपासून लांब पळायचं. बस्स. यात बोटांचा वेग लागत नाही, महागडा कॉम्प्युटर लागत नाही, शंभर तासांचा सराव लागत नाही. आपल्यावर बॉम्ब लागलाय एवढं लक्षात यावं लागतं आणि पाय हलवावे लागतात. तरीही या बॉम्बने किती गट मारले असतील याची गणती नाही. एकोणचाळीस जण आपापलं काम चोख करत असतात आणि चाळिसावा दुसऱ्या खिडकीत व्हिडिओ बघत असतो.

आता मला सांगा, त्या चाळिसाव्याला कौशल्य कमी होतं का? मुळीच नाही. त्याचवेळी गटात असा एखादा असतो जो बॉम्ब लागल्यावर घाबरून उलट्याच बाजूला, नेमका सगळ्यांच्या मध्ये पळतो. परिणाम तोच, सगळा गट आडवा. पण या दोघांना एकच शिक्षा द्यावी असं कुणाला वाटत असेल तर त्याने माझ्या मते वर्गात शिकवू नये.

या मोल्टन कोअरची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्यातला शेवटचा राक्षस रॅग्नरॉस. तो पहिल्यांदा मारला गेला २००५ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे खेळ बाजारात आल्यावर साधारण पाच महिन्यांनी. पुढे २०१९ मध्ये कंपनीने तोच जुना खेळ 'क्लासिक' या नावाने पुन्हा आणला. तेव्हा तोच रॅग्नरॉस एका आठवड्याच्या आत पडला! नियम नंतरच्या सुधारित आवृत्तीचे होते, त्यामुळे थोडं सोपं झालं होतं हे खरं. पण पाच महिन्यांचे सहा दिवस होण्याएवढं नाही. पंधरा वर्षांत माणसांची बोटं काही वेगवान झाली नव्हती. काय करायचं ते लोकांना आधीच ठाऊक होतं, एवढाच काय तो फरक. कोणत्या क्षणी कुठे उभं राहायचं, काय तयारी करून यायचं, हे सगळं लिहिलेलं, सांगितलेलं, पाठ झालेलं होतं. ज्याला आपण 'हुशारी' म्हणतो त्यातला केवढा मोठा भाग आधी कुणीतरी नीट सांगितलेलं असण्याचा असतो, हे यावरून कळावं.

मीटर काय दाखवतो, काय लपवतो

या खेळात एक जोड-सॉफ्टवेअर फार वापरलं जातं. त्याला डॅमेज मीटर म्हणतात. राक्षसाला कुणी किती मार दिला याची यादी, उतरत्या क्रमाने, पडद्याच्या कोपऱ्यात. पहिला कोण, शेवटचा कोण, सगळं उघड. मोहीम फसली की सगळ्यांच्या नजरा त्या यादीच्या तळाकडे जातात. आपल्या गुणपत्रकासारखंच की!

मीटर उपयोगाचा आहे, मी त्याच्या विरोधात नाही. नुसता उभा राहणारा त्यात लगेच सापडतो. पण मी हीलर म्हणून खेळतो, त्यामुळे त्याची दुसरी बाजूही मला रोज दिसते. मार देणाऱ्यांच्या यादीत हीलर तळालाच असतो. राक्षस मोठा मंत्र म्हणायला लागला की तो मध्येच तोडावा लागतो. हे काम ज्याने अंगावर घेतलं त्याचा स्वतःचा मार कमी पडतो आणि यादीत तो दोन घरं खाली जातो. पहिल्या क्रमांकावर मिरवणारा कित्येकदा आगीत उभं राहून मारत असतो, कारण हललं की आकडा कमी होतो. त्याला जिवंत ठेवता ठेवता दोन हीलर थकतात. यादीत मात्र तो हिरो.

'फायनल फॅन्टसी १४' या जपानी खेळाच्या कंपनीने असली बाहेरची सॉफ्टवेअरं वापरायला नियमानेच बंदी केली आहे. लोक गुपचूप वापरतात, पण त्यातला आकडा दाखवून कुणाला टोचून बोलाल तर कारवाई तुमच्यावर होऊ शकते. त्याऐवजी मोहीम संपली की प्रत्येकाला एकदा शाबासकी देता येते, ओळख नसलेल्या कुणा एकाला. मला हे आवडतं, पण पुरेसं वाटत नाही. शाबासकी गोड स्वभावाला मिळते, दिसणाऱ्या कामाला मिळते. गुपचूप काम करणारा तिथेही सुटतोच.

मग प्रयत्न ओळखायचा कसा? जुने गटप्रमुख एक गोष्ट बघतात. लढाईतला आकडा नव्हे, लढाईच्या आधीची तयारी. तुटकी शस्त्रं दुरुस्त करून आला का? लागणारी औषधं आणली का? ही लढाई कशी असते ते वाचून आला का? आणि फसल्यावर काय करतो? तीच चूक दहाव्यांदा करतो, की तिसऱ्या वेळी विचारतो की "मी कुठे उभं राहायला हवं होतं?" तयारीला कौशल्य लागत नाही. तिथे नवा आणि मुरलेला एका रांगेत असतात. म्हणून प्रयत्न मोजायची खरी जागा ती. आमच्या गटात एक जण होता, दोन वर्षं यादीच्या तळाशी असायचा. पण एकही शनिवार चुकवला नाही आणि येताना सगळ्यांसाठी औषधं करून आणायचा. त्याला काढा असं कुणीही कधी म्हणालं नाही.

इथे भारतातल्या खेळाडूंची एक अडचण सांगायला हवी. या खेळाचा सर्व्हर भारतात नाही. आपली माणसं युरोपच्या नाहीतर ऑस्ट्रेलियाच्या बाजूच्या सर्व्हरवर खेळतात. कळ दाबली आणि ती तिकडे पोहोचली यात जो वेळ जातो त्याला पिंग म्हणतात. आगीतून बाहेर पडायला तुम्ही वेळेवर पाऊल टाकलेलं असतं, पण तिकडे ते उशिरा पोहोचतं आणि तुम्ही जळता. गटातले म्हणतात, "झोपला होतास का?"

माझ्या वर्गातही पिंग असतोच. ऊसतोडीला गेलेल्या घरातलं मूल दिवाळीनंतर जातं ते उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतं. घरी पावरी किंवा कोरकू बोलणारं मूल आपला प्रश्न आधी मनात घरच्या भाषेत नेतं, मग उत्तर परत मराठीत आणतं. तोवर आपण पुढच्याला उभं केलेलं असतं.

दोर ओढणारे आठ जण

आता थोडं शास्त्राकडे. मॅक्स रिंगलमन नावाचे एक फ्रेंच कृषी अभियंता होते. माणसं, बैल, यंत्रं किती ओढतात याचा अभ्यास करत. त्यांनी माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला आणि १९१३ मध्ये ते प्रसिद्ध केलं. एकट्याचा जोर १०० धरला, तर दोघं मिळून ओढताना प्रत्येकाचा ९३ भरला. आठ जण झाले तेव्हा प्रत्येकाचा फक्त ४९. म्हणजे आठ जणांनी मिळून चौघांचंही काम केलं नाही.

आपण लगेच म्हणू, आळशी लेकाचे. पण रिंगलमन यांना मुख्य कारण वेगळं वाटलं होतं. सगळ्यांचा हिसका एकाच क्षणी बसत नाही, त्यामुळे जोर वाया जातो. म्हणजे ताळमेळाचा प्रश्न. पुढे १९७४ मध्ये अमेरिकेत हा प्रयोग वेगळ्या रीतीने झाला. माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला दोराच्या सगळ्यात पुढे उभं केलं आणि मागच्यांना नुसतं ओढल्याचं नाटक करायला सांगितलं. ओढणारा प्रत्यक्षात तो एकटाच, त्यामुळे ताळमेळ बिघडायचा प्रश्नच नाही. तरी आपल्यामागे माणसं आहेत या समजुतीने त्याचा जोर कमी झाला. म्हणजे दोन्ही गोष्टी खऱ्या. थोडं ताळमेळाअभावी जातं, थोडं मन ढिलं पडल्यामुळे जातं. आणि १९८१ च्या एका प्रयोगात असंही दिसलं की ओरडण्याच्या कामात प्रत्येकाचा आवाज स्वतंत्र मोजला जातोय असं कळल्यावर हे ढिलं पडणं जवळपास नाहीसं झालं.

गेम बनवणाऱ्यांनी हे पुस्तकातून घेतलं की अनुभवातून, ते असो. पण त्यांच्या खेळाचा प्रवास बघा. ४० जणांचा गट २००७ मध्येच २५ वर आणि १० वर आला. आज सगळ्यात अवघड पातळी ठीक २० जणांची आहे आणि तिथे एकही माणूस फुकट उभा राहू शकत नाही. काम इतकं नेमकं वाटलेलं असतं की एक जरी ढिला पडला तरी ते लगेच दिसतं.

याच खेळात उलटी गोष्टही आहे. २०११ च्या शेवटी 'रेड फाइंडर' आला. बटण दाबा, अनोळखी पंचवीस जणांचा गट आपोआप जमतो. ज्यांना वेळ नाही, ओळखी नाहीत, त्यांनाही मोठ्या मोहिमा बघता याव्यात हा हेतू. हेतू चांगला आहे, आणि नोकरी करून रात्री तासभर खेळणाऱ्या माझ्यासारख्याला त्याचा फायदाही होतो. पण काम इतकं सोपं ठेवलं की पाच-सहा जण नुसते उभे राहिले तरी राक्षस पडतो. हरलात तर पुढच्या फेरीला सगळ्या गटाची ताकद थोडी वाढवली जाते. न शिकताच, काही न बदलताच, एकदाचं जमून जातं. मग शिकायचं कशाला? तिथे आगीत उभं राहिलं तरी चालतं, आणि नवा माणूस तेच शिकून बाहेर पडतो. कुणी समजावून सांगायला गेला तर त्यालाच ऐकवतात, "शांत बस ना, होतंय की!"

आपले बरेचसे 'गट प्रकल्प' हे रेड फाइंडर आहेत. पाच जणांना एक तक्ता. 'पाण्याचे महत्त्व'. मुळात ते काम दीड माणसाचं. एक मुलगी घरून सगळं करून आणते (बहुतेक वेळा मुलगीच, आणि बऱ्याचदा तिची आई), दुसरा कडेने रंगीत पट्टी काढतो आणि तिघं नाव लिहितात. श्रेणी पाचही जणांना तीच. मग त्या मुलीची आई शाळेत येऊन विचारते, "सर, सगळं हिनेच केलं, मग हिला वेगळं काय?" प्रश्न रास्त आहे. आणि ते तिघं आळशी आहेत असं मी म्हणणार नाही. त्यांना करायला कामच नव्हतं. पाच जणांना पुरेल एवढं काम द्यायची जबाबदारी गट पाडणाऱ्याची, म्हणजे आपली.

खेळात माणूस आपणहून येतो, बटण त्याने दाबलेलं असतं. म्हणून तिथे प्रयत्न न करणाऱ्याला जाब विचारायचा इतरांना हक्क आहे असं मी मानतो. पंचवीस जणांची संध्याकाळ ही काही फुकटची वस्तू नाही. 'मी माझ्या पैशाने खेळतो' हे एकट्याने खेळताना ठीक, गटात शिरल्यावर नाही. वर्गातलं मूल मात्र स्वतः बटण दाबून आलेलं नसतं. आपण म्हणतो, "एक ते पाच इकडे, सहा ते दहा तिकडे." तिथे जाब आधी आपल्याला.

"सर, याला आमच्या गटात नको"

हे वाक्य ज्याने ऐकलेलं नाही असा प्राथमिक शिक्षक मला दाखवा. ज्याच्याबद्दल बोललं जातं ते मूल तिथेच उभं असतं, बुटाकडे नाहीतर जमिनीकडे बघत.

खेळात याला किक म्हणतात. मतदान होतं, बहुमत झालं की तो माणूस गटातून बाहेर. यावर जुने खेळाडू एक निरीक्षण सांगतात आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. सुरुवातीची पाच वर्षं पाच जणांच्या छोट्या मोहिमेसाठीसुद्धा आपल्याच सर्व्हरवरची माणसं शोधावी लागत. हाका मारा, विचारा, जमवा. वेळ जायचा. पण तिथे सगळे एकमेकांना नावाने ओळखत. वाईट वागलात तर बातमी पसरायची आणि कुणी बोलवायचं नाही. एखादा नवा, अडखळणारा पण मेहनती दिसला तर त्याला शिकवायचे, कारण पुढच्या आठवड्यात तोच आपल्याबरोबर असणार. २००९ च्या डिसेंबरमध्ये आपोआप गट जमवणारी सोय आली, तीही वेगवेगळ्या सर्व्हरांवरच्या माणसांची. सोय मोठीच झाली. पण समोरचा माणूस आता पुन्हा कधी दिसणार नव्हता. मग शिकवायचं कशाला, आणि लाजायचं तरी कशाला? काढून टाका, पाच मिनिटांत दुसरा येतो.

फायनल फॅन्टसीवाल्यांनी इथे एक छान गोष्ट केली आहे. नव्या खेळाडूच्या नावाशेजारी एक हिरवा कोंब दिसतो. बघताक्षणी कळतं, हा नवीन आहे. आणि गटात कुणी ती मोहीम पहिल्यांदाच करत असेल तर मोहीम संपल्यावर सगळ्या गटाला जादा बक्षीस मिळतं. नव्याला बरोबर घेणं हे ओझं न राहता फायद्याचं होतं. मी स्वतः बघितलंय, 'आज एक जण पहिल्यांदा आलाय' अशी सूचना दिसली की लोक खूश होतात, हरले तरी थांबतात, समजावतात. माणसं तीच. नियम बदलला की वागणं बदलतं.

आपला वर्ग म्हणजे जुन्या पद्धतीचा सर्व्हर आहे. तीच सत्तावीस मुलं पहिलीपासून चौथीपर्यंत एकत्र. बदली माणूस पाच मिनिटांत येत नाही. ज्याला आज गटातून काढलं तो उद्या प्रार्थनेला शेजारीच उभा असणार आहे आणि पुढे वीस वर्षं त्याच गावात राहणार आहे. म्हणून 'याला नको' हे मी वर्गात चालू देत नाही. पण 'नको' म्हणणाऱ्या मुलांना रागावतही नाही, कारण त्यांची तक्रार बऱ्याचदा खरी असते. त्यांना एवढंच विचारतो, "त्याला जमत नाही, की तो करत नाही?" मुलं विचारात पडतात. एकदा तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "सर, त्याला काय करायचं तेच कुणी सांगितलं नाही." माझ्या सगळ्या प्रशिक्षणांत मिळून एवढं नेमकं निदान मी ऐकलेलं नाही.

आपल्या श्रावणातल्या सोमवारच्या कहाणीत राजाच्या धाकाने सगळ्या गावाने घरातलं दूध गाभाऱ्यात ओतलं, तरी गाभारा भरला नाही. म्हातारीने मुलाबाळांना, गाईवासरांना देऊन उरलेलं खुलभर दूध ओतलं आणि तो भरला. मी लहानपणी ही कहाणी भक्तीची म्हणून ऐकली. आता गटकार्याची म्हणूनही आठवते. दुधाची घागर मोजणाऱ्या मीटरमध्ये ती म्हातारी सगळ्यात खाली आली असती.

आता पालकांसाठी थोडं. तुमचा मुलगा बीजीएमआय किंवा फ्री फायर चौघांच्या स्क्वाडमध्ये खेळत असेल (मोठा असेल आणि वेळ ठरलेली असेल असं धरून चालतो), तर कधीतरी त्याच्या शेजारी बसून ऐका. तो मित्रांशी काय भाषेत बोलतो? पडलेल्या मित्राला उठवायला जातो, की आपला स्कोअर वाढवत पुढे पळतो? कुणाला 'नूब' म्हणून हिणवतो का? आणि त्याला स्वतःला कुणी हिणवतं का? "किती मारले?" यापेक्षा "तुझं काम काय होतं?" असं विचारून बघा. मी सातवीतल्या एका माजी विद्यार्थ्याला विचारलं, तर म्हणाला, "मी मागं बघतो सर. मागून कुणी आलं तर सांगतो." त्याच्या नावावर एकही शिकार नव्हती, आणि बाकीचे तिघं त्याच्याशिवाय खेळ सुरूच करत नाहीत. चौथीत हा मुलगा माझ्या वर्गात होता, तेव्हाही गटात मागेच बसायचा.

गट छोटे ठेवले, तिघा-चौघांचे, की निम्मा प्रश्न सुटतो. धारकता शिकवताना मी एक जण भांडी निवडणार, एक पाणी मोजून ओतणार, एक अंदाज लिहिणार आणि एक पडताळणार असं वाटून देतो आणि दर दिवशी काम फिरवतो. शेवटी तक्ता कुणाचाच बघत नाही. प्रत्येकाला वेगळं बोलावून एक प्रश्न विचारतो, तोही दुसऱ्याच्या कामाबद्दल. यात वेळ जातो. सत्तावीस मुलांत दोन तासिका जातात आणि अभ्यासक्रम मागे पडतो, हेही खरं. ज्याला सगळं लवकर येतं तो मुलगा मात्र या पद्धतीत कंटाळतो. त्याला 'दुसऱ्याला शिकव' असं दर वेळी सांगणं मला अन्यायाचं वाटतं. शिकवणं हे माझं काम आहे, त्याचं नाही. त्याच्यासाठी मी अधूनमधून खरंच अवघड, फक्त तशाच चौघांचं काम काढतो. तिथे तोही धडपडतो.

राहता राहिल्या नोंदी. २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हापासून आपण वर्णनात्मक नोंदी लिहितो. 'गटकार्यात सहभागी होतो.' हे वाक्य आपण सगळ्यांनी किती वहीत किती वेळा उतरवलं असेल! त्यातून ना कौशल्य कळतं, ना प्रयत्न, ना ते मूल नुसतं उभं होतं हे कळतं. या वर्षी मी एका मुलाबद्दल लिहिलं, 'पाणी मोजण्याचे काम स्वतःहून मागून घेतले. दोन वेळा सांडले. तिसऱ्या वेळी गाळणे कसे धरायचे ते विचारले.' केंद्रप्रमुखांनी वाचून विचारलं, "श्रेणी कुठाय?" श्रेणी त्या रकान्यात होतीच. नोंदीसाठी छापील जागा एका ओळीची असते, म्हणून बाकीचं मी समासात लिहितो.